बोटांनी वाचलेले अरण्य

कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या गावी माझी बँकेतून बदली झाली होती, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी कॅश जुळली, तिजोरीला दोघांच्या दोन किल्ल्या लागल्या, की मी सुरूच्या बनात जाऊन बसत असे. एका बुंध्यावर कुणीतरी पत्र्याची पाटी ठोकली होती. तिच्यावर झाडाचे शास्त्रीय नाव होते, कॅश्युअरिना इक्विसेटिफोलिया, आणि शेवटी एकच अक्षर : एल. हे 'एल.' म्हणजे लिनियस, झाडाझुडपांना दुहेरी नावे देणारा स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ, एवढे मला ठाऊक होते. पुष्कळ वर्षांनी कळले, की लिनियसने उष्ण प्रदेशात कधी पाऊलही टाकले नव्हते. हे नाव त्याने एका जुन्या ग्रंथातून उचलले होते. झाडाच्या लोंबत्या, बारीक काड्या त्या ग्रंथकाराला कॅसोवारी पक्ष्याच्या पिसांसारख्या वाटल्या, म्हणून कॅश्युअरिना. आणि हा ग्रंथ ज्याने सिद्ध केला, तो माणूस त्यातली बरीच वर्षे ठार आंधळा होता!

त्याचे नाव गेओर्ग एबरहार्ड रुम्फ. विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे लॅटिन वळणाने रुम्फियस. जन्म १६२७ चा, जर्मनीतल्या हेसे प्रांतातला. वडील बांधकामातले जाणकार, त्यामुळे गणित आणि नकाशे घरातच होते. तरुणपणी जग पाहण्याच्या ओढीने तो सैन्यात भरती झाला, ब्राझीलला निघालेल्या जहाजावर चढला आणि पोहोचला मात्र पोर्तुगालला. तिथे दोनतीन वर्षे काढून घरी परतला. पण पाय घरात ठरेनात. १६५२ च्या डिसेंबरात डच ईस्ट इंडिया कंपनीचा साधा शिपाईगडी होऊन त्याने युरोपचा किनारा सोडला. तो किनारा त्याला पुन्हा दिसला नाही.

बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, आणि तिथून मसाल्याच्या बेटांतले अंबोन. पुढचे जवळजवळ अर्धे शतक तो तिथेच राहिला. काही वर्षांत शिपाईगिरी सोडून कंपनीच्या व्यापारी खात्यात शिरला आणि बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हिला या ठाण्याचा प्रमुख झाला. काम मुख्यतः लवंगेचे. लवंग म्हणजे न उमललेली कळी. ती वेळेवर खुडायची, वाळवायची, तोलायची, वहीत उतरवायची. कंपनीचा मक्ता असा कडक, की ठरवून दिलेल्या बेटांबाहेरची लवंगेची झाडे तोडून टाकली जात आणि विरोध करणाऱ्यांची गावे जाळली जात. रुम्फियस त्याच कंपनीचे मीठ खात होता. हे विसरून त्याचे चरित्र सांगू नये.

पण दिवसाचा हिशेब संपला की हा माणूस जंगलात शिरे. मीही आयुष्यभर दिवसा लेजर आणि रात्री कादंबरी असा संसार केला, म्हणून मला त्याचे हे दुहेरी जगणे फार जवळचे वाटते.

विषुववृत्ताजवळच्या सदाहरित अरण्यातल्या झाडाचे वर्णन करणे ही काय चीज आहे, हे आंबोलीच्या रानात उभे राहिले तरी थोडे कळते. अंबोनचे रान त्याहून कितीतरी गच्च. आपल्या माळावरचा पळस दुरून ओळखू येतो. तिथे मात्र खोड शंभर-सव्वाशे फूट सरळ वर गेलेले असते. पाने, फुले, फळे सगळी त्या वरच्या छपरात. खाली अंधार, वेलींचा गुंता आणि एकमेकांसारखे दिसणारे शेकडो बुंधे. एक झाड सापडले, तर त्याच जातीचे दुसरे शोधायला पुष्कळ चालावे लागते. फूल कधी येईल याचा नेम नाही. तेव्हा डोळस माणसालाही डोळ्यांचा उपयोग बेताचाच. झाड ओळखायचे ते सालीवर कोयत्याचा घाव घालून : आतला रंग कोणता, चीक पांढरा की लालसर, राळेला वास कसला, सालीची चव तुरट की कडू, खाली पडलेल्या फळाचा बाठा केवढा. आजही रानातले वनस्पतिशास्त्रज्ञ हेच करतात.

आणि रुम्फियसचे डोळेच गेले.

साल १६७०, वय बेचाळीस. थोड्याच काळात दोन्ही डोळे निकामी झाले. बहुधा काचबिंदू असावा, असे आजचे अभ्यासक म्हणतात. ग्रंथ तो लॅटिनमध्ये लिहीत होता. आता मजकूर सांगायचा, तर लॅटिन जाणणारा लेखनिक त्या बेटावर कुठून आणायचा? त्याने लिहिलेले बाजूला ठेवले आणि पहिल्यापासून डच भाषेत सांगायला सुरुवात केली. कंपनीने त्याला नोकरीवरून काढले नाही, पगार चालू ठेवला, हाताखाली लेखनिक दिले. हेही कंपनीच्या खात्यावर जमेच्या बाजूला मांडायला हवे.

आता झाडे त्याच्याकडे येऊ लागली. बेटावरची माणसे फांद्या, साली, फळे आणून त्याच्या हातात देत. तो चाचपून, हुंगून, चाखून विचारी : हे कुठे उगवते? कोणत्या महिन्यात फुलते? तुम्ही याचे काय करता? प्रत्येक प्रकरणाचा साचा ठरलेला. आधी झाडाचे वर्णन, मग नावे : लॅटिन, डच, मलय, अंबोनी, आणि जिथे मिळतील तिथे जावा, मकासर, चीनचीसुद्धा. नंतर हंगाम, स्थळ आणि उपयोग. वर्गीकरण त्याने फुलातल्या केसरांवरून केले नाही. ती पद्धत लिनियसने पुढे आणली. रुम्फियसची मांडणी माणसाच्या अंगणातून निघून रानाकडे जाते. पहिले प्रकरण नारळाचे. मग लावून खाण्याची फळझाडे, मग सुगंधी झाडे, मग राळेची आणि घातक चिकाची, मग रानटी झाडे, झुडपे, वेली, औषधी. आणि शेवटी चक्क समुद्रातली पोवळी. एकूण बारा भाग आणि सुमारे बाराशे वनस्पती.

त्यात मकासरच्या विषवृक्षाचेही वर्णन आहे. त्याचा चीक फुंकनळीच्या बाणांना लावत आणि डच सैनिक त्या बाणांच्या नावाने चळचळा कापत. तेच झाड आपल्या सह्याद्रीत चांदकुडा म्हणून उभे आहे.

१७ फेब्रुवारी १६७४. चिनी नववर्षाची संध्याकाळ होती, सारे गाव रोषणाई पाहायला निघाले होते. भूकंप झाला, भिंत कोसळली. तिच्याखाली त्याची पत्नी सुझाना आणि एक मुलगी, दोघी गेल्या. रानातल्या शोधात सुझाना ही त्याची पहिली सोबतीण. एक शुभ्र ऑर्किड तिनेच त्याला प्रथम दाखवले होते. त्या फुलाला त्याने तिचे नाव दिले. आजही ते शास्त्रात सुझानाच्याच नावाने ओळखले जाते. त्याच्या सगळ्या ग्रंथात यापलीकडे शोकाचे प्रदर्शन नाही.

११ जानेवारी १६८७ ला अंबोनमध्ये आग लागली. हस्तलिखित वाचले, पण पुस्तके आणि वर्षानुवर्षे काढलेली चित्रे जळाली. मुलगा पौल आणि इतर चित्रकार पुन्हा रेघा ओढायला बसले. पहिले सहा भाग तयार होऊन हॉलंडला निघाले, तर १६९२ साली ते जहाज फ्रेंचांनी बुडवले. मात्र बटावियाच्या गव्हर्नर-जनरल काम्फाउसने पाठवण्यापूर्वी एक नक्कल करून ठेवली होती. एका पावसाळ्यात आमच्या शाखेच्या रेकॉर्डच्या खोलीत पाणी शिरून लेजरांचा लगदा झाला होता. दुसऱ्या प्रती होत्या म्हणून निभावले. दुसरी प्रत ही काय चीज असते, ते त्या रात्री मला कळले होते. काम्फाउसचे नाव वाचताना मी मनातल्या मनात हात जोडले.

अखेर १६९६ च्या सुमारास ग्रंथ हॉलंडला पोहोचला. आणि कंपनीने तो कपाटात बंद केला! मसाल्यांविषयीची एवढी माहिती परक्यांच्या हाती पडली तर मक्त्याचे काय? ज्या कंपनीने आंधळ्याला सांभाळले, तिनेच त्याचे पुस्तक कोंडले. १५ जून १७०२ ला रुम्फियस अंबोनमध्येच वारला. ग्रंथ छापला अॅमस्टरडॅमच्या योहानेस बुर्मानने, १७४१ ते १७५० या काळात, सहा खंडांत.

नियतीचा शेवटचा टोला पुढेच आहे. वनस्पतींच्या अधिकृत नावांची गणना लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून करायची, असा शास्त्रज्ञांनी नियम केला. त्यामुळे रुम्फियसने दिलेली नावे नियमाच्या लेखी शून्य. त्याने नोंदवलेल्या झाडांना लिनियसने आणि इतरांनी पुन्हा नावे दिली. कधी त्याचाच शब्द ठेवला, पण पुढे अक्षर लागले दुसऱ्याचे. सुरूचे तेच झाले. लिनियसचे ते नाव १७५९ चे.

तरी काम थांबले नाही. रुम्फियसची झाडे पुन्हा शोधायला रॉबिन्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १९१३ साली अंबोनला गेला आणि तिथेच मारला गेला. त्याने गोळा केलेल्या नमुन्यांवरून मेरिल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१७ साली जुन्या-नव्या नावांचा मेळ घालून दिला. संपूर्ण इंग्रजी भाषांतर बीकमन या विद्वानाने केले. ते २०११ मध्ये निघाले तेव्हा बीकमनही हयात नव्हता.

मला मात्र हुरहूर वाटते ती वेगळीच. त्याच कंपनीचा मलबारातला अधिकारी व्हान रेडे याने १६७८ पासून 'होर्तुस मलाबारिकुस' छापायला घेतला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांची नावे नोंदलेली आहेत. अंबोनच्या रानात शंभर फुटांवर चढून फांदी तोडून आणणाऱ्या, सालीची चव सांगणाऱ्या बहुतेक माणसांची नावे कुठेच नाहीत. रुम्फियसचे नाव नियमाने गाळले. त्यांची नोंदच झाली नाही. पण त्या आंधळ्याच्या हातात फांदी ठेवली ती त्यांनीच.

परवा पुन्हा त्या किनाऱ्यावर गेलो होतो. पाटी गंजून पडली होती. मी सुरूची एक काडी तोडली आणि डोळे मिटून बोटांत फिरवली. आपण जिला पान समजतो ती पान नसतेच. बारीक बारीक पेरे लागतात. ती असते फांदी. पाने म्हणजे त्या पेऱ्यांवरचे इवलेसे खवले. डोळ्यांना ते सहसा दिसत नाही. बोटांना लगेच कळते.