गौतमीपुत्र सातकर्णी

आईच्या नावाने ओळखला जाणारा हा सातवाहन राजा सुमारे १९०० वर्षांपूर्वी होऊन गेला. क्षत्रप नहपानाने बळकावलेला नाशिककडचा मुलूख त्याने लढून परत घेतला. पण नहपानाचा चेहरा असलेली चांदीची नाणी लोकांच्या हाती होतीच! ती वितळवत न बसता गौतमीपुत्राने त्यांच्यावरच स्वतःचे नाव आणि चार वर्तुळांचे ‘उज्जैन चिन्ह’ ठोकले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून जास्त नाण्यांवर असा दुसरा ठसा आहे. काहींवर खालचा नहपान अजून डोकावतो. गौतमीपुत्राचा पराक्रम आई गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेण्यात कोरून घेतला, तो नातू पुळुमावीच्या कारकिर्दीत.