कष्टाची विद्या : कै. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकेत देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. चरित्रनायक शक्यतो आपल्या ज्ञातीतील किंवा निदान आपल्या बीड जिल्ह्यातील असावा, असा संकेतही आहे. यंदा तो संकेत बाजूस ठेवून वर्ध्याच्या एका सुपुत्राची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. त्यास कारण असे की, आपल्या अनेक घरांतील मुलेमुली आज शिक्षणाकरिता किंवा उद्योगाकरिता परदेशी जात आहेत. कोणी कर्ज काढून जाते, कोणाच्या घरी शेताचा तुकडा विकावा लागतो. तेथे पोहोचल्यावर हातातील पैसा पुरेनासा झाला म्हणजे उपाहारगृहात भांडी घासणे, कोठारात ओझी उचलणे, अशी कामे या मुलांना करावी लागतात. आणि ही गोष्ट आईबाप चारचौघांत सांगावयास कचरतात. विवाहाच्या बोलणीत तर तिचा उच्चारही होत नाही. हा संकोच कितपत योग्य आहे, याचा निर्णय प्रस्तुत चरित्र वाचून ज्याचा त्याने करावा.

पांडुरंगरावांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. वडील सदाशिवराव अर्जनवीसाचा व्यवसाय करीत. घरची स्थिती सामान्य होती. प्रारंभीचे शिक्षण वर्ध्यास झाल्यावर पुढील शिक्षणासाठी ते नागपुरास गेले. त्यांचे बाळपण ज्या काळात गेले तो काळ दुष्काळांचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांनी मध्यप्रांतात हाहाकार उडविला होता. अन्नाविना माणसे कशी मरतात, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. त्यातच लोकमान्य टिळकांच्या शिकवणुकीने भारलेले वातावरण. देश स्वतंत्र करावयाचा, या एका ध्यासाने हा तरुण घराबाहेर पडला. टिळकांच्या सल्ल्यावरून १९०६ च्या सुमारास त्यांनी जपानची वाट धरली. नुकताच रशियाचा पराभव केलेल्या त्या देशाकडे त्या वेळी साऱ्या आशियातील तरुणांचे डोळे लागले होते. तेथून पुढे प्रशांत महासागर ओलांडून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को येथे उतरले.

पाठीशी श्रीमंत घराणे नव्हते, कोण्या संस्थानिकाची शिष्यवृत्ती नव्हती आणि ओळखीचे असे कोणी नव्हते. एप्रिल १९०६ मधील भूकंपाने व त्यापाठोपाठ लागलेल्या आगीने ते शहर बेचिराख झाले होते आणि त्याची नव्याने उभारणी चालू होती. पहिला प्रश्न पोटाचा होता. मिळेल ते काम करावयाचे, असा निश्चय करून पांडुरंगरावांनी रुग्णालयात मजुरी केली, उपाहारगृहात भांडी घासली, शेतांवर राबले. त्या किनाऱ्यावरील बहुतेक गरीब विद्यार्थ्यांचा हाच क्रम असे. शिक्षण चालू असता एखाद्या घरी घरकाम करून जेवणाखाण्याची सोय लावावयाची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत फळबागांत व मळ्यांत राबून पुढील वर्षाच्या खर्चाची तजवीज करावयाची. लाकडाच्या गिरणीतील मजुरास तेव्हा दिवसाकाठी दीड ते दोन डॉलर मिळत. त्या काळच्या विनिमयाप्रमाणे ही रक्कम सुमारे साडेचार ते सहा रुपये होते. आपल्याकडील शेतमजुरास त्याच वेळी दिवसभर राबून काही आणेच मिळत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पंजाबातील शेतकरी समुद्र ओलांडून त्या गिरण्यांत का गेले, याचा उलगडा होतो.

परंतु ही मिळकत निर्वेध नव्हती. परका मजूर स्वस्तात राबतो आणि आपली भाकरी हिरावतो, अशी तेथील गोऱ्या कामगारांची तक्रार होती. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन संस्थानातील बेलिंगहॅम या गावी जमावाने हिंदी मजुरांच्या वस्त्यांवर हल्ला केला, त्यांना मारहाण केली व गावाबाहेर हुसकून लावले. नागरिकत्वाची वाटही पुढे बंद झाली. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होण्यास पात्र नाही, असा निवाडा दिला. अशा प्रतिकूल वातावरणात आपल्या चरित्रनायकाने आपली उमेदीची वर्षे काढली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अर्जनवीसाचा शिकलेला मुलगा आपण मजुरांपेक्षा वेगळे, असे मानून दूर राहिला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. पांडुरंगरावांनी तसे केले नाही. ऑरेगन संस्थानातील पोर्टलंड व आसपासच्या गिरण्यांत राबणाऱ्या शीख व पंजाबी मजुरांशी त्यांनी स्नेह जोडला. पंडित काशीराम आणि सोहनसिंग भकना यांच्यासारखे सहकारी त्यांना याच मंडळींत लाभले. या मजुरांच्या संघटनेतून आणि लाला हरदयाळ यांच्या पुढाकाराने १९१३ साली गदर पक्ष आकारास आला. त्या पक्षाच्या आद्य प्रवर्तकांत खानखोजे यांची गणना होते. लढाऊ कार्याची आखणी करणारी शाखा त्यांच्याकडे होती. त्याकरिता लागणारे लष्करी शिक्षण त्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील माउंट तमाल्पाइस या सैनिकी विद्यालयात घेतले होते. घामाने भिजलेल्या हातांची ही ओळख त्यांना एखाद्या वसतिगृहात बसून होणे शक्य नव्हते.

दुसरा लाभ विद्येचा झाला. केवळ शस्त्राने देशाचे पोट भरत नाही, हे दुष्काळ पाहिलेल्या या तरुणास उमगले होते. त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास हाती घेतला आणि ऑरेगन व वॉशिंग्टन या संस्थानांतील कृषी महाविद्यालयांत तो केला. मळ्यावर राबणारा मजूर आणि वर्गात बसणारा विद्यार्थी एकच असल्यामुळे पुस्तकातील पीक त्याला मातीतही ओळखता येत होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. इंग्रजांच्या अडचणीचा लाभ घ्यावा, या हेतूने खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले आणि बलुचिस्तानच्या सीमेपर्यंत जाऊन धडकले. तेथील टोळ्यांना हाताशी धरून त्यांनी इंग्रजी फौजांशी सामना दिला. ते पकडले गेले, निसटले, वेष व नाव पालटून डोंगरांतून भटकले. बेत फसला, पण उमेद खचली नाही. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदी हिंदी क्रांतिकारकांसमवेत ते मॉस्कोस जाऊन आले. त्यानंतर काही काळ बर्लिनमध्ये काढला. स्वदेशी परतावे तर इंग्रजांचा तुरुंग वाट पाहत होता. अखेर १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, देश नवा, भाषा स्पॅनिश आणि पुन्हा एकदा उपजीविकेचा शोध!

या वेळी मात्र पूर्वीच्या कष्टांनी हात दिला. १९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोत मोठ्या जमीनदारांची शेते गरीब शेतकऱ्यांत वाटण्याचे कार्य चालू होते आणि शेतीचे शास्त्र जाणणाऱ्या माणसांची त्या देशास निकड होती. राजधानीजवळील चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय भरू लागले होते. तेथे खानखोजे प्राध्यापक झाले. मका हे त्या देशाचे मुख्य अन्न. त्याच्या अनेक नव्या जाती त्यांनी संकराने तयार केल्या. गव्हाच्या सुधारणेवरही काम केले. विद्यालयात येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी खेडोपाडी मोफत कृषिशाळा काढल्या. इटलीहून आलेल्या तीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या या कार्याची छायाचित्रे घेतली. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात, भाकरीच्या पंगतीच्या अग्रस्थानी, त्यांना चितारले. एकेकाळी परक्यांच्या भोजनगृहात उष्टी भांडी घासणारा माणूस एका राष्ट्राच्या भिंतीवर भाकरी वाटणारा म्हणून अमर झाला, ही केवढी कृतार्थता!

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन महिलेशी विवाह केला. सावित्री व माया अशा दोन कन्या त्यांना झाल्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारच्या निमंत्रणावरून ते मायदेशी आले, तेव्हा इंग्रजी अमदानीतील काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले असल्यामुळे विमानतळावर त्यांना अडविण्यात आले. ज्या देशासाठी चार दशके वणवण केली, त्याच्या दारात त्यांना ओळख पटवावी लागली. पुढे १९५५ च्या सुमारास ते कायमचे परतले आणि नागपुरास स्थायिक झाले. शेतकऱ्यांच्या उन्नतीचा विचार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. तथापि चापिंगोत त्यांच्या हातून जेवढे कार्य झाले तेवढे करवून घेण्याचे भाग्य स्वदेशास लाभले नाही, हे खेदाने नमूद करणे भाग आहे. जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे नागपूर येथे देहावसान झाले. २०२२ साली चापिंगो येथील कृषी विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. दसरा सरला की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार घालून, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. पोटासाठी गाव सोडणे या मातीस नवे नाही. मुलाच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढणारा बाप आणि उचल घेणारा तोडणी कामगार यांच्या काळजीत फारसे अंतर नाही. मग एकाचे कष्ट उघडे आणि दुसऱ्याचे झाकलेले, असा भेद आपण का करावा? तो केल्याने मुलांचेच नुकसान होते. घरी खरे सांगता येत नाही, म्हणून अडचणीतील मुलगा मदत मागत नाही. आईस फोनवर तो सारे क्षेम असल्याचे सांगतो आणि एकटाच कुढत राहतो.

खानखोजे यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध साधा आहे. प्रामाणिक काम कोणतेही असो, ते करताना लाजू नये. मात्र पोटाचे काम हेच अंतिम ध्येय मानून विद्याभ्यास सोडू नये. आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांच्या संगतीस कमीपणा मानू नये. अडचणीच्या वेळी तीच माणसे धावून येतात. आणि आपण आईबापांनीही मुलगा परदेशी भांडी घासतो, हे मान ताठ ठेवून सांगावे. आगामी स्नेहसंमेलनात गुणवंतांच्या सत्काराबरोबरच स्वकष्टाने शिकणाऱ्या मुलामुलींचाही नामोल्लेख व्हावा, अशी कार्यकारी मंडळास नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.