फ्लॉरेन्स नाइटिंगेल : शुश्रूषेचे पाचारण

भिलईच्या खुर्सीपार वस्तीतील एखादा कामगार शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून घरी निघतो, तेव्हा परिचारिका त्याला व त्याच्या पत्नीला जवळ बसवून घेते. टाके कोरडे कसे ठेवावेत, जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात का धुवावेत, पू किंवा ताप दिसताच का परतावे, हे ती समजावून सांगते. हे शिकवणेही शुश्रूषेचेच अंग मानले जाते, याचे बरेचसे श्रेय फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आहे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. देव आपल्याला सेवेसाठी पाचारण करीत आहे, अशी जाणीव त्यांना १८३७ साली झाली. परंतु रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे घरच्यांचे मत होते. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे, पाळक थिओडोर फ्लीडनर यांच्या सेविकाश्रमात, त्यांनी सुमारे तीन महिने शिक्षण घेतले.

क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. हाती दिवा घेतलेले त्यांचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या चित्रात न दिसणारी गोष्ट मात्र फार दुःखाची आहे. त्या आल्यानंतरही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये त्यांचे प्रमाण शेकडा ४२ वर पोहोचले. इमारतीखाली मैला तुंबला होता. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करविली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने घटले. युद्धानंतर विल्यम फार यांच्या साहाय्याने आकडे तपासताना, जखमांपेक्षा रोगांनी व रुग्णालयातील घाणीनेच अधिक सैनिक दगावले, हे त्यांना उमगले. सारे जग गौरव करीत असताना आपल्याच रुग्णालयाचा असा हिशेब मांडणे सोपे नव्हे. त्यांनी तो लपविला नाही; आलेख काढून शासनापुढे ठेवला.

यानंतरच्या त्यांच्या कार्यावर त्या अनुभवाची छाप आहे. शुश्रूषेवरील त्यांचे छोटेखानी पुस्तक सामान्य गृहिणींसाठी होते. शुद्ध हवा, उजेड, स्वच्छ हात आणि रुग्णाचे बारकाईने निरीक्षण यांवर त्यात भर आहे. रुग्णाच्या खोलीत कुजबुजू नये, असेही त्यात बजावले आहे. आपल्याकडील भेटीला येणाऱ्या मंडळींनी हे अवश्य वाचावे! १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे परिचारिका विद्यालय सुरू झाले.

स्वतः त्या दीर्घकाळ आजारी असत व अंथरुणातूनच लिहीत. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील गोऱ्या सैन्यात दरवर्षी हजारी ६९ मृत्यू होतात, हे उघड करणाऱ्या १८६३ च्या अहवालामागे त्यांचे अपार श्रम होते. पुढे खेड्यांतील स्वच्छतेविषयी त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. १८९२ साली इंग्लंडच्या बकिंगहॅमशायरमध्ये त्यांनी घरोघरी जाऊन मातांना आरोग्य शिकविणाऱ्या स्त्रिया तयार करण्याची योजना आखली. तेव्हा त्यांचे वय ७२ होते.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्या प्रभूघरी गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान नाकारून कुटुंबीयांनी त्यांना ईस्ट वेलो गावच्या मंडळीच्या आवारात पुरले. स्मारकावर त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.