हार्ट अटॅकनंतर अंथरुणातून उठा, असं जगाला सांगणारा डॉक्टर

घरातल्या आजोबांना हार्ट अटॅक येऊन गेला की घरच्यांची पहिली सूचना ठरलेली असते. आता काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं. पैठण रस्त्यावरचं चितेगाव असो की मुंबईतला फ्लॅट, काळजी सगळीकडे सारखीच. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून दिला जातो.

ही समजूत घरच्यांनी काढलेली नाही. एकेकाळी मोठमोठे डॉक्टर हेच सांगायचे. विशेष म्हणजे ज्या डॉक्टरच्या अभ्यासाचा या समजुतीला आधार मिळाला, तोच पुढे ती मोडायला उभा राहिला. त्याचं नाव डॉ. पॉल डडली व्हाईट.

व्हाईट यांचा जन्म ६ जून १८८६ रोजी अमेरिकेत, बोस्टनमधल्या रॉक्सबरीत झाला. वडीलही डॉक्टरच. १९११ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते लंडनला थॉमस लुईस यांच्याकडे गेले आणि तेव्हा नव्यानेच आलेलं ईसीजीचं तंत्र शिकले. परत येऊन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी हृदयरोगावर काम सुरू केलं. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या संस्थापकांमध्येही ते होते.

१९३९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ७२ मृत रुग्णांच्या हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाच्या स्नायूची जखम भरायला काही आठवडे लागतात, हे त्यातून दिसलं. डॉक्टरांनी सरळ हिशोब केला. जखम भरेपर्यंत पेशंटने हलायचं नाही. सहा आठवडे पलंगावर!

पण पलंगाचीही किंमत मोजावी लागते. पडून राहिल्याने पायातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकतात. स्नायू झपाट्याने झिजतात. वय झालेल्या माणसाला गमावलेली ही ताकद परत मिळवणं जास्त जड जातं. हृदय वाचतं, पण माणूस आधाराशिवाय उठू शकत नाही.

१९५२ मध्ये बोस्टनच्याच सॅम्युअल लेव्हाईन आणि बर्नार्ड लाऊन यांनी ८१ रुग्णांना लवकर खुर्चीत बसवून दाखवलं. हा बदल सामान्य लोकांपर्यंत पोचवायला मात्र एक मोठा पेशंट लागला.

२४ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये हार्ट अटॅक आला. वय ६४. पुढच्या सोमवारी शेअर बाजार कोसळला. ६९ वर्षांच्या व्हाईट यांना बोस्टनहून बोलावण्यात आलं. त्यांनी पत्रकारांना हार्ट अटॅक म्हणजे काय, हे सोप्या भाषेत समजावलं. राष्ट्राध्यक्षांना शौचाला झाली, इथपर्यंत सगळं सांगितलं. तेव्हा ही माहिती ऐकून अनेकजण चमकले, पण लोकांची भीती कमी झाली.

आयसेनहॉवर यांचं आधी खुर्चीत बसणं, मग चालणं आणि मग काम, असं टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आलं. ११ नोव्हेंबरला त्यांना हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडणूक जिंकले, १९६१ पर्यंत पदावर राहिले आणि ७८ व्या वर्षी वारले. हार्ट अटॅक म्हणजे आयुष्य संपलं, हा समज अख्ख्या देशासमोर खोटा ठरला.

व्हाईट जे सांगायचे ते स्वतःही करायचे. उतारवयातही सायकल आणि चालणं त्यांनी सोडलं नाही. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी ८७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठच्या सायकल मार्गाला त्यांचं नाव आहे.

आज या उपचाराला कार्डियाक रिहॅब म्हणतात. ज्येष्ठांसाठी त्यात फक्त चालणं नसतं. २०२१ मध्ये अमेरिकेत हार्ट फेल्युअरने हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या ६० वर्षांवरच्या ३४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ताकद, तोल, हालचाल आणि दम या चारही गोष्टींवर काम केल्यावर त्यांची शारीरिक क्षमता सुधारली.

म्हणूनच डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांसोबत आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्यायची. आजोबांनी कधीपासून, किती आणि कसं चालायचं? डॉक्टरांनी परवानगी दिली की पाण्याचा तांब्या त्यांचा त्यांना आणू द्यायचा.