आर्किमिडीज आणि आपली पहार

आर्किमिडीजने पहार शोधली नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं दांडका घालून दगड उचकटत होतीच. त्यानं केलेलं काम मला इंजिनीअर म्हणून जास्त भारी वाटतं: पहार का चालते, हे त्यानं गणितानं सिद्ध केलं.

जन्म इसवी सनापूर्वी 287 च्या सुमारास, सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात. वडील फिडियास आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा अभ्यास करायचे. वस्तूंच्या समतोलावर आर्किमिडीजने एक ग्रंथ लिहिला आणि त्यात तरफेचा नियम मांडला. टेकूपासून जितक्या लांबून जोर लावाल, तितका कमी जोर पुरतो.

हे पहारीवर लावून बघा. पाच फुटी पहारीचं टोक दगडाखाली सारा. टोकापासून अर्ध्या फुटावर छोटा दगड टेकू म्हणून ठेवा. हाताकडे उरले साडेचार फूट, म्हणजे नऊपट. 40 किलोचा जोर दिला की टोकाशी 360 किलो! पण फुकट काही मिळत नाही बरं का. हात 45 सेंटिमीटर खाली गेला, तर दगड फक्त 5 सेंटिमीटर वर येतो. म्हणून जाणकार माणूस फटीत लगेच दगड सारतो, टेकू उंच करतो आणि पुन्हा दाबतो. टेकू भुसभुशीत मातीवर असेल तर तोच रुततो, सगळा जोर वाया.

आमच्या लातूर जिल्ह्यात, किल्लारीला, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. माझा जन्म त्यानंतरचा. मोठी यंत्रं पोचेपर्यंत गावकऱ्यांकडे पहार, कुदळ, फावडं आणि स्वतःचे हात एवढंच होतं. अशा वेळी ते 5 सेंटिमीटर फार मोठे असतात.

आर्किमिडीजवर हे गणित लढाईत वापरायची वेळ आली. रोमन आरमारानं सिराक्यूजला वेढा घातला, तेव्हा तटावरची त्याची यंत्रं जहाजाचं नाक आकड्यात धरून वर उचलायची. तरी इसवी सनापूर्वी 212 मध्ये शहर पडलं. सेनापती मार्सेलसला तो जिवंत हवा होता असं सांगतात, पण एका सैनिकानं त्याला ठार केलं. तेव्हा तो पंचाहत्तरीच्या आसपास होता.

137 वर्षांनी सिसेरो नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं काटेरी झुडपं तोडायला लावून त्याचं थडगं शोधलं. वर गोल आणि दंडगोल कोरलेले होते.