बेंजामिन फ्रँकलिन आणि आकाशांतील वीज

शहापूर-मुरबाडकडे वळवाचा पाऊस आला कीं माहुलीच्या सुळक्यांवर विजा कडाडूं लागतात, आणि पायाळू माणसाला घराबाहेर पडूं देत नाहींत. वीज पायाळूवरच पडते, हा समज वाडीवस्तीवर अद्याप ऐकूं येतो. विजेची वाट कोणती, हें ज्यानें प्रयोगानें शोधिलें त्या बेंजामिन फ्रँकलिनची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहों.

त्याचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजीं अमेरिकेंत बोस्टन येथें झाला. बाप मेणबत्त्या व साबण करी, मुलें १७. शाळा लाभली ती उणीपुरी दोन वर्षें. १२ व्या वर्षीं भावाच्या छापखान्यांत उमेदवारी, १७ व्या वर्षीं तेथून पलायन. (एवढा भाग विद्यार्थ्यांनीं अनुकरणासाठीं वाचूं नये!) फिलाडेल्फियांत त्यानें स्वतःचा छापखाना असा नांवारूपास आणिला कीं १७४८ सालीं धंदा भागीदारावर सोंपवून तो विजेच्या नादीं लागला.

त्या काळीं घर्षणानें उत्पन्न केलेली वीज लायडनच्या बरणींत सांठवीत. ही आंतबाहेर धातूचा पत्रा लाविलेली कांचेची बरणी. तींत वीज हळूहळू भरावयाची आणि एका ठिणगीसरशी क्षणांत मोकळी करावयाची. आजच्या प्रयोगशाळांतील विजेचे प्रचंड क्षणिक झोत सोडणारीं यंत्रें याच तत्त्वावर चालतात. कांचेच्या ११ तावदानांच्या अशाच एका संचाला तोफांच्या रांगेवरून बॅटरी हें नांव फ्रँकलिननेंच दिलें. डिसेंबर १७५० मध्यें दोन मोठ्या बरण्यांच्या विजेनें टर्की पक्षी मारावयास गेला, तों धक्का त्यालाच बसून त्याची शुद्ध हरपली.

बरणींतील ठिणगी व आकाशांतील वीज एकच, हा त्याचा तर्क. जून १७५२ मध्यें त्यानें ढगांखालीं पतंग उडविला. चित्रांत पतंगावर वीज कोसळतांना आणि शेजारीं लहान मुलगा दाखवितात, दोन्ही चूक. मुलगा विल्यम चांगला विशीच्या पुढचा होता, आणि वीज खरोखर कोसळती तर फ्रँकलिन वांचता ना. ढगांतील वीज ओल्या दोरीवाटें किल्लीपर्यंत उतरली. हातांतील रेशमी फीत त्यानें आडोशाला कोरडी राखिली होती. पुढच्याच वर्षीं सेंट पीटर्सबर्ग येथें रिचमन हा शास्त्रज्ञ, जमिनीशीं न जोडलेल्या सळईपाशीं प्रयोग करीत असतां, प्राणांस मुकला.

इमारतीहून उंच टोंकदार सळई, तिला जोडलेली जाड तार, तारेचें टोंक ओल्या जमिनींत: एवढ्यानें वीज भिंत न फोडतां भूमींत जाते. माळावरच्या एकट्या उंच झाडाला अशी सोय नसते. त्याखालीं उभा राहणारा पायाळू असो वा नसो, धोका सारखाच. या सळईचें पेटंट फ्रँकलिननें घेतलें नाहीं. स्वतःच्या घरच्या सळईला मात्र त्यानें घंटा जोडिल्या होत्या. ढग विजेनें भरले कीं त्या वाजत. तो लंडनास असतां पत्नी डेबोरा त्या आवाजास भ्याली, तेव्हां घंटा गप्प करण्याची युक्ति त्यानें पत्रानें कळविली.

त्याचें राजकारण इतिहासाच्या तासाला येईलच. १७ एप्रिल १७९० रोजीं फिलाडेल्फियांत तो वारला.