युरोच्या १३६ वर्षं आधी चार देशांत एकच नाणं चालवणारा सम्राट : तिसरा नेपोलियन

ऑगस्ट १८६६ नंतर पॅरिसहून निघालेला व्यापारी ब्रुसेल्स, जिनिव्हा किंवा मिलानला पोचला, तर त्याला पैसे बदलून घ्यायची फारशी गरज नव्हती. फ्रान्सचा पाच फ्रँकचा चांदीचा बंदा बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सरकारी तिजोरीतही घेतला जायचा. युरोच्या नोटा आणि नाणी लोकांच्या हातात आली २००२ साली. म्हणजे त्याच्या तब्बल १३६ वर्षं आधी युरोपने हा प्रयोग करून पाहिला होता आणि त्यामागे होता नेपोलियन.

थांबा, वॉटर्लूला हरलेला नेपोलियन नव्हे, त्याचा पुतण्या.

लुई नेपोलियन बोनापार्टचा जन्म २० एप्रिल १८०८ चा, पॅरिसमधला. १८१५ ला काकाची सत्ता गेली आणि सगळं घराणं परागंदा झालं. पोरगा स्वित्झर्लंड आणि जर्मनीत वाढला, स्विस तोफखान्यात शिकला. १८३१ ला इटलीतल्या बंडात उतरला. फ्रान्सची गादी आपलीच, हे मात्र डोक्यातून कधी गेलं नाही. १८३६ ला त्याने स्ट्रासबर्गमध्ये उठाव केला, तो फसला. १८४० ला बूलोनमध्ये केला, तोही फसला. दुसऱ्या वेळी जन्मठेप होऊन त्याची रवानगी हॅमच्या किल्ल्यात झाली.

तिथल्या सहा वर्षांत त्याने अर्थशास्त्र वाचलं, साखर उद्योगावर आणि गरिबीवर पुस्तकं लिहिली. १८४६ मध्ये मजुराचे कपडे चढवून, खांद्यावर फळी घेऊन तो किल्ल्याच्या दारातून सरळ चालत बाहेर पडला. दोनच वर्षांनी फ्रान्सने त्याला प्रचंड मतांनी राष्ट्राध्यक्ष केलं. राज्यघटना दुसऱ्यांदा निवडून येऊ देत नव्हती, म्हणून २ डिसेंबर १८५१ ला त्याने लष्कराच्या जोरावर संसदच बरखास्त केली. पुढच्या वर्षी तो सम्राट झाला.

सम्राट म्हणून हुकूमशहा, पण व्यापाराच्या बाबतीत मोकळा. त्याने रेल्वेचं जाळं विणलं, पॅरिस नव्याने उभारलं आणि १८६० ला ब्रिटनशी जकात कमी करणारा करार केला. माल आणि माणसं सीमा ओलांडायला लागली. अडत होतं ते नाण्यापाशी.

अडचण अशी होती. फ्रान्समध्ये सोनं आणि चांदी, दोन्हींची नाणी कायदेशीर. दर १८०३ पासून ठरलेला : एक भाग सोनं बरोबर साडेपंधरा भाग चांदी. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात आणि मग ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं, बाजारात सोनं स्वस्त झालं. कायद्यातला दर तोच. मग चांदीची नाणी वितळवून बाहेर विकण्यात फायदा दिसू लागला. ही चांदी कुठे गेली? बरीचशी भारतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला होता, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्याची किंमत युरोप चांदीत मोजत होता.

सुटे पैसे टिकवायला प्रत्येक देशाने आपापल्या छोट्या नाण्यांतली चांदी कमी केली, पण वेगवेगळ्या प्रमाणात. त्यात घोळ झाला. बेल्जियमने बैठकीची मागणी केली आणि २३ डिसेंबर १८६५ ला पॅरिसमध्ये चार देशांनी सही केली. हीच लॅटिन मॉनेटरी युनियन. पाच फ्रँकच्या नाण्यात ९०० भाग चांदी, त्याहून छोट्यात ८३५. छोटी नाणी दर माणशी सहा फ्रँकपुरतीच पाडायची. १८६८ ला ग्रीसही आत आला.

सम्राटाला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्याने पॅरिसमध्ये २० देशांची परिषद भरवली. प्रस्ताव असा की २५ फ्रँकचं सोन्याचं नाणं काढायचं, ब्रिटनचा सॉव्हरिन आणि अमेरिकेचे पाच डॉलर त्याच्या वजनाशी जुळवायचे. सॉव्हरिनची किंमत २५ फ्रँक २२ सेंटाइम होती. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी फरक! पण त्यासाठी पौंड हलवायला ब्रिटन तयार झाला नाही.

खरी भोकं घरातच पडली होती. करारात कागदी नोटांबद्दल काहीच नव्हतं. ऑस्ट्रियाशी युद्धासाठी इटलीने मे १८६६ मध्येच, म्हणजे करार लागू व्हायच्या आधीच, सोन्याचांदीत न बदलता येणाऱ्या नोटा सक्तीने चालवल्या. मग इटालियन माणूस घरात नोट वापरणार आणि चांदीचं नाणं जिथे पूर्ण किंमत मिळते तिथे पाठवणार. इटलीची नाणी फ्रान्समध्ये येऊन साचली. युद्धाचा खर्च एका सरकारचा, भार शेजाऱ्यांवर. पोपच्या राज्यानेही छोटी नाणी कोट्याबाहेर पाडली. पोपची गादी राखायला रोममध्ये सैन्य ठेवलं होतं ते याच सम्राटाने. हा ताण त्याने ओढवून घेतलेला होता, असं म्हणायला जागा आहे. नियम मोडणाऱ्याला वठणीवर आणणारी कुठलीही सामाईक बँक त्याने उभी केली नाही.

जुलै १८७० मध्ये त्याने प्रशियावर युद्ध पुकारलं. २ सप्टेंबरला सेदानला सैन्यासकट शरण गेला, दोन दिवसांत पॅरिसने साम्राज्यच बुडवलं. जर्मनीने पाच अब्ज फ्रँकची खंडणी लावली, तिच्या बळावर सोन्याचा मार्क आणला आणि जुनी चांदी विकायला काढली. आता उलटं झालं. चांदी पडली. स्वस्त चांदी आणून पाच फ्रँकचे बंदे पाडून घ्यायचे आणि त्यांवर सोनं उचलायचं, हा धंदा सुरू झाला. १८७४ ला युनियनने मर्यादा घातली, १८७८ ला हे बंदे पाडणंच थांबवलं. चांदीच्या रुपयालाही याची झळ बसली. तो पौंडासमोर घसरत गेला आणि १८९३ ला भारतातल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या.

हे पाहायला सम्राट नव्हता. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९ जानेवारी १८७३ ला, इंग्लंडमधल्या चिझलहर्स्ट गावी, परागंदा अवस्थेतच तो वारला. युनियन मात्र मोडेना, कारण मोडायचं तर प्रत्येकाला दुसऱ्याकडे साचलेली आपली नाणी चांगल्या पैशात परत घ्यावी लागणार होती. १८८५ ला तशी अट घातली, तेव्हा बेल्जियम सुरुवातीला सही करायला तयार नव्हता. पहिल्या महायुद्धात सगळ्यांनीच नोटा छापल्या आणि १९२७ ला युनियन औपचारिकपणे संपली. तोवर तिसऱ्या नेपोलियनचा चेहरा असलेले बंदे त्याच्यामागे अर्धशतक हातोहात फिरत राहिले होते.